द हॉट रॉक (१९७२) : एकच हिरा, चारदा चोरी

सप्टेंबर २०२५ मध्ये रॉबर्ट रेडफर्ड गेला तेव्हा माझ्या फोनवर त्याचे तेच तीनचार गाजलेले सिनेमे फिरत होते, आणि ‘द हॉट रॉक’चं नाव मला तरी कुठे दिसलं नाही. मला खरंच वाईट वाटलं, कारण रेडफर्डचा मला सगळ्यात आवडणारा सिनेमा हाच आहे. कॉलेजात असताना हा पहिल्यांदा बघितला होता, नंतर दोनतीनदा तुकड्या तुकड्यात बघितला, आणि आता परवा रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लॅपटॉपची वायर टीव्हीला लावून बाबांना शेजारी बसवून पुन्हा पूर्ण बघितला. बाबांना मुद्दाम बसवलं, कारण ते बँकेत होते आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी लॉकर विभागात काढली आहेत, आणि या सिनेमाचा शेवटचा अर्धा तास बँकेच्या लॉकरभोवतीच फिरतो. त्यांना काय वाटतंय ते मला बघायचं होतं. ते पुढे सांगते. आणि आधीच सांगून ठेवते, मी गोष्ट लपवून लिहिणार नाहीये, त्यामुळे ज्यांना काहीच माहीत नसताना बघायचाय त्यांनी आधी सिनेमा बघा आणि मग हे वाचा.

गोष्ट अशी. जॉन डॉर्टमुंडर (रेडफर्ड) तुरुंगातून सुटतो. बाहेर त्याचा मेव्हणा अँडी केल्प (जॉर्ज सेगल) चोरलेली गाडी घेऊन न्यायला आलाय आणि ती गाडी त्याला आवरत नाही म्हणून जवळजवळ डॉर्टमुंडरच्याच अंगावर घालतो. केल्पकडे काम तयार आहे. डॉ. अमुसा नावाचा एका आफ्रिकी देशाचा युनोतला प्रतिनिधी आहे, त्याला ब्रुकलिन म्युझियममध्ये ठेवलेला ‘सहारा स्टोन’ नावाचा हिरा हवाय, कारण त्याच्या मते तो मुळात त्याच्या देशाचा आहे. मग टोळी जमते : गाडी चालवणारा मर्च, स्फोटकांवाला ग्रीनबर्ग, कुलपांवाला केल्प आणि सगळ्याचं डोकं डॉर्टमुंडर. म्युझियममधून हिरा काढतात, पण ग्रीनबर्ग पकडला जातो आणि पकडला जायच्या आधी हिरा गिळून टाकतो. मग ग्रीनबर्गला तुरुंगातून काढायचं. तो बाहेर आला की सांगतो, हिरा पोलीस चौकीतल्या कोठडीत लपवलाय. मग पोलीस चौकीवर धाड. तिथे हिरा नाही. तो ग्रीनबर्गच्या वकील बापाने आधीच उचलून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय. मग बँक. दरवेळी हातातोंडाशी आलेला घास निसटतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बस, एवढंच आहे. चोरीचे बाकीचे सिनेमे एका मोठ्या चोरीची तयारी दाखवतात, मग ती चोरी, मग कुठेतरी फसगत. इथे एकच चोरी चार वेळा करावी लागते आणि दरवेळी नव्याने पहिल्यापासून, नवीन नकाशा, नवीन सामान, नवीन वेळापत्रक. डॉ. अमुसाला प्रत्येक वेळी खर्चाला पैसे द्यावे लागतात, आणि एकदा तो अगदी गंभीरपणे म्हणतो की सराईत गुन्हेगार असतात हे ऐकून होतो, पण सराईत गुन्ह्यात आपण अडकू असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. अमुसा झालेला मोझेस गन हे वाक्य एवढ्या सभ्यपणे आणि थकून बोलतो की बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हा सिनेमा डोनाल्ड वेस्टलेकच्या १९७० सालच्या कादंबरीवरून केलाय आणि ती कादंबरी कशी जन्मली ते कळल्याशिवाय सिनेमाची गंमत पूर्ण कळत नाही असं मला वाटतं. वेस्टलेक रिचर्ड स्टार्क या टोपणनावाने पार्कर नावाच्या एका दरोडेखोराच्या कादंबऱ्या लिहायचा. पार्कर म्हणजे दगड. हसणार नाही, रडणार नाही, वाटेत आला त्याला उडवणार. तर त्याच पार्करसाठी वेस्टलेकला एक कल्पना सुचली की याला एकच वस्तू परत परत चोरावी लागते. लिहायला बसला तर ते विनोदी व्हायला लागलं, आणि पार्करसारख्या माणसावर लोक हसले तर पार्कर संपलाच. मग त्याने ते बाजूला ठेवलं आणि त्याच गोष्टीला दुसरा माणूस शोधला. नाव कुठून आलं तर बिअरच्या एका निऑन पाटीवरून, जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरच्या बिअरच्या. असा हा डॉर्टमुंडर, जो नियोजनात अव्वल आणि नशिबात शून्य. त्याच्यावर पुढे वेस्टलेकने एकूण १४ कादंबऱ्या लिहिल्या, शेवटची २००९ मध्ये आली, वेस्टलेक २००८ च्या ३१ डिसेंबरला गेल्यानंतर.

हे मी एवढं लांबवून सांगतेय कारण सिनेमाचा सगळा स्वभाव त्यातच आहे. गोष्ट मुळात गंभीर दरोड्याची होती. विनोद वरून पेरलेला नाही. या चौघांपैकी एकालाही आपण विनोदी सिनेमात आहोत हे माहीत नाही, ते फक्त आपलं काम नीट करायचा प्रयत्न करतायत. आणि दिग्दर्शक पीटर येट्स हा पण तसाच गंभीर माणूस, १९६७ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या ट्रेन दरोड्यावर सिनेमा केला होता, १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर गाड्या पळवणारा तो प्रसिद्ध पाठलाग त्यानेच केला. त्यामुळे इथेही दरोडे तो खऱ्या दरोड्यासारखेच शूट करतो. वेळ, अंतर, कोण कुठे उभाय, कुलूप उघडायला किती लागतंय, सगळं दिसतं. पटकथा विल्यम गोल्डमनची, ज्याने त्याआधी १९६९ मध्ये ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ या सिनेमात रेडफर्डला सनडान्स किड करून टाकला होता आणि त्या पटकथेसाठी ऑस्कर घेतलं होतं. तर अशी तीन गंभीर कामाची माणसं एकत्र आली आणि एकानेही विनोदाच्या जागी बोट दाखवून ‘इथे हसा’ म्हटलं नाही.

म्युझियमचा प्रसंग घ्या. रात्र. बाहेर मर्च गाडीचा अपघात झाल्याचं नाटक करतो, पहारेकरी धावत बाहेर जातात. आत बाकीचे तिघे पहारेकऱ्यांच्याच कपड्यात. हिरा एका मोठ्या काचेच्या पेटीखाली आहे आणि ती काच उचलायची म्हणजे जीव निघेल इतकी जड. ते उचलतात. आता कुठल्याही सिनेमात इथे संगीत वाढेल, कपाळावरचा घाम दिसेल. इथे आपल्याला फक्त ते वजन जाणवत राहतं, हात थरथरतायत, पकड बदलायला जागा नाही, कोणीतरी आत शिरून हिरा काढायचाय, आणि केल्प आत आणि काच खाली. जॉर्ज सेगल काचेच्या आत आणि आजूबाजूला दोन माणसं हताश. सेगलचा चेहरा त्यावेळी जो होतो ना, लहान मूल कपाटात कोंडलं गेल्यावर पहिली दोन सेकंदं रडत नाही, फक्त बघतं, तसा. आमच्याकडे माझा भाचा एकदा असाच बाल्कनीच्या सरकत्या काचेमागे अडकला होता, आतून कडी त्यानेच लावलेली आणि उघडता येत नव्हती, आणि आम्ही बाहेरून खुणा करतोय, अगदी तोच चेहरा. मी खूप हसले पण पोटात गोळा पण आला, आणि हे दोन्ही एकदम होणं मला या सिनेमात फार आवडतं.

मग हिऱ्याबद्दल. अमुसा सुरुवातीला हिऱ्याची गोष्ट सांगतो, कुणाचा होता, कुणी नेला, कुठे कुठे फिरला. सिनेमा तिथे फार थांबत नाही, पण आपण मराठी माणसं तिथे थांबणारच. कारण आपलाही एक हिरा न्यूयॉर्कला गेला होता. नासक म्हणजे नाशिकचा हिरा. त्र्यंबकेश्वरच्या शिवाचा म्हणून सांगितला जातो, पेशव्यांकडे होता, १८१८ मध्ये बाजीराव दुसऱ्याचं राज्य गेलं तेव्हा इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला गेला. मग हात बदलत बदलत न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनकडे आला, त्याने १९४० मध्ये तो पुन्हा पैलू पाडून ४३.३८ कॅरटचा केला, आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्येच त्याचा लिलाव झाला तेव्हा एका ट्रक कंपनीतल्या माणसाने तो ५ लाख डॉलरला घेतला. १९७०, म्हणजे ज्या वर्षी ही कादंबरी आली तेच वर्ष. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मी म्हणत नाहीये, पण मला हे माहीत झाल्यापासून अमुसाचा तो प्रसंग मी हलकेपणाने बघूच शकत नाही. तो माणूस म्हणतोय, ही वस्तू आमची आहे, आणि ती काचेखाली परक्या गावात ठेवलीय, तिकीट काढून बघा. मोझेस गन ते कुठेही गळा न काढता बोलतो. पुढे गोष्ट त्यालाही लबाडीत ओढते ते मला पटलं नाही, त्याबद्दल खाली.

तुरुंगातून ग्रीनबर्गला काढायचा भाग चांगला आहे पण त्याबद्दल फार लिहीत नाही, बघा आणि मजा घ्या. पोलीस चौकीचा भाग मात्र वेगळाच.

चौकीच्या गच्चीवर उतरायचं म्हणून हेलिकॉप्टर. चालवणार मर्च, म्हणजे रॉन लीबमन. मर्चला इंजिन असलेल्या कुठल्याही वस्तूचं वेड आहे, गाडीच्या इंजिनांचे आवाज तो गाणी ऐकावीत तसे ऐकतो. हेलिकॉप्टर मॅनहॅटनवरून जातं आणि कॅमेरा त्याच्याबरोबर जातो आणि मग अचानक समोर येतात ते वर्ल्ड ट्रेड सेंटरचे टॉवर. अजून काम चालू असलेले. १९७१ मध्ये हे शूटिंग झालं तेव्हा दक्षिणेकडचा टॉवर पूर्ण झालेला नव्हता, वरचे मजले उघडे, लोखंड दिसतंय, आणि हे चार चोर एका छोट्या हेलिकॉप्टरमधून त्याच्या बाजूने वळसा घालून जातायत. इथे बाबा एकदम गप्प झाले. २००१ साली ते टीव्हीसमोर रात्री उशिरापर्यंत बसले होते ते मला आठवतंय, मी लहान होते, आईने मला झोपायला पाठवलं होतं आणि मी दारातून बघत होते. त्या टॉवरचा शेवट आम्ही टीव्हीवर बघितला होता आणि इथे तो अजून बांधून व्हायचाय. सिनेमा करणाऱ्यांना यातलं काही माहीत असण्याचा प्रश्नच नाही, त्यांना फक्त नवीन बिल्डिंग छान दिसतेय म्हणून तिथून नेलं असेल. पण आज बघताना त्या दृश्याने दोन मिनिटं विनोद बाजूला ठेवायला लावला. मग ते चौकीवर उतरतात, धूर होतो, फोन बंद पडतात, आतल्या अधिकाऱ्याला वाटतं शहरात उठाव झालाय, आणि आम्ही परत हसायला लागलो. १९७० च्या आसपासचं न्यूयॉर्क किती धास्तावलेलं शहर होतं ते त्या एका अधिकाऱ्याच्या घाबरण्यातून कळतं.

आता रेडफर्ड. या सिनेमाबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार ही आहे की रेडफर्ड डॉर्टमुंडर म्हणून चुकीचा आहे. कादंबरीतला डॉर्टमुंडर खांदे पडलेला, चेहरा ओढलेला, आयुष्याकडून काही अपेक्षा न ठेवणारा माणूस. आणि हा रेडफर्ड, सोनेरी केसांचा, ज्याला बघितल्यावर वाटतं याचं काहीच वाईट होऊ शकत नाही. मी कादंबरी नंतर वाचली आणि मला पण सुरुवातीला ती तक्रार बरोबर वाटली. आता नाही वाटत. कारण रेडफर्ड इथे काय करतो तर आपला देखणेपणा पूर्ण बंद करून ठेवतो, जसा आपण पंख्याचा रेग्युलेटर शून्यावर आणतो तसा. जवळजवळ सगळा सिनेमा तो हसत नाही. केल्प बडबड करत राहतो आणि हा ऐकत राहतो. तुरुंगाचा अधिकारी त्याला निरोप देताना विचारतो की आता सरळ मार्गाने जगता येणार नाही का, तर तो म्हणतो, त्यात माझं मन लागणार नाही. हे तो फुशारकी म्हणून बोलत नाही. त्याला दुसरं काम येत नाही आणि हे काम त्याला मनापासून आवडतं, एवढंच सांगतोय. पुढे एका जागी तो म्हणतो की माझा अपशकुनावर विश्वास नाही, पण या दगडाने मला धरलंय आणि आता सोडत नाही, तेव्हा एक तर तो माझ्या हातात येईल नाहीतर मला संपवेल. तिथे त्याच्या डोळ्यात जी चीड आहे ती मला माझ्या ओळखीची वाटली. कुठलंही काम चौथ्यांदा परत आलं की माणसाचं जे होतं ते.

माझं स्वतःचं काम भाषांतर आणि मुद्रितशोधनाचं आहे. पान चार वेळा बघून झालं तरी पाचव्या वेळी चूक सापडते, आणि मग परत पहिल्या ओळीपासून. त्यामुळे डॉर्टमुंडर परत नकाशा उघडून बसतो ना, तेव्हा मी त्याच्या बाजूने असते. तो चोर आहे, हो. पण तो काम अर्धवट सोडत नाही, माणसं सोडत नाही, आणि आपलं चुकलं तर दुसऱ्यावर ढकलत नाही. हिरा गिळला म्हणून ग्रीनबर्गवर तो ओरडत बसत नाही, त्याला बाहेर काढायला जातो. हिऱ्यासाठीच जातो हे खरं, पण जातो.

झिरो मोस्टेल ग्रीनबर्गचा वकील बाप झालाय. प्रचंड देह, डोळे फिरवत बोलणं, आणि लबाडी अशी की पोटच्या पोराचा पण काही भरवसा नाही. १९५० च्या दशकात त्याच्या राजकीय मतांमुळे त्याला सिनेमातून बाहेर टाकलं होतं आणि तो वर्षानुवर्षं कामाशिवाय राहिला होता, हे माहीत असलं की त्याला एवढ्या मजेत काम करताना बघून बरं वाटतं. त्याच्याकडून लॉकरची माहिती काढायला टोळी जे करते तो प्रसंग या सिनेमातला सगळ्यात धाडसी. बापासमोर पोराला लिफ्टच्या खड्ड्यात ढकलल्याचं नाटक. काही क्षण खरंच वाटतं की गोष्टीने वळण घेतलं आणि आता हा सिनेमा विनोदी राहिला नाही. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कळल्यावर राग पण आला आणि सुटल्यासारखं पण झालं. बाबा म्हणाले, “असलं नाटक बापाबरोबर करायचं नसतं गं.” आणि मग दोन मिनिटांनी, “पण हा बाप तसलाच आहे.”

आता बँक, ज्यासाठी बाबांना बसवलं होतं.

हिरा वकिलाच्या लॉकरमध्ये. तो लॉकर वकिलाशिवाय दुसऱ्या कुणाला उघडून देणार नाहीत. मग टोळी एक संमोहन करणारी बाई आणते, मियास्मो नावाची, आणि तिच्याकडून लॉकर सांभाळणाऱ्या माणसाला आधीच लिफ्टमध्ये संमोहित करून ठेवते, की ठराविक शब्द कानावर पडले की तू सांगितलेलं ऐकायचं. ते शब्द आहेत ‘अफगाणिस्तान बनाना स्टँड’. अर्थ काही नाही. चुकून दुसरं कोणी बोलणार नाही असे शब्द पाहिजेत, एवढाच त्यांचा उपयोग. डॉर्टमुंडर सुटाबुटात बँकेत जातो, तळघरात उतरतो, आणि अगदी साध्या आवाजात, जसं आपण ‘सही कुठे करू’ विचारतो तसं, म्हणतो, अफगाणिस्तान बनाना स्टँड. आणि आपण त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. चार चोऱ्यांमधे ही एकच अशी आहे जिच्यात धावपळ नाही, आवाज नाही, धूर नाही, आणि हृदयाचे ठोके इथेच सगळ्यात जास्त वाढतात.

बाबा सोफ्यावर पुढे सरकून बसले होते. त्यांनी मला नंतर सगळं समजावून सांगितलं, जे मला इतक्या वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. की लॉकरला दोन चाव्या लागतात, एक बँकेची आणि एक गिऱ्हाइकाची. आधी बँकेची फिरवायची, मग गिऱ्हाईक आपली लावणार, आणि मग बँकेच्या माणसाने तिथे थांबायचं नाही, बाहेर यायचं. रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, सही नमुन्याच्या सहीशी जुळवायची, ओळखीचा माणूस असला तरी जुळवायची. “ओळखीचा असला तर जास्त नीट जुळवायची,” बाबा म्हणाले. आणि सांगितलं की नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी त्यांना रात्री स्वप्नं पडायची की चावी कुठेतरी राहिली. बाहेर आले की खिसा चाचपून बघायचे, स्टेशनवर पण, घरी आल्यावर पण. मला त्यांची ती खिसा चाचपायची सवय लहानपणापासून माहीत आहे, रिटायर झाल्यावर पण गेलेली नाहीये, पण ती कुठून आली ते परवा कळलं.

तर त्यांचं म्हणणं असं की सिनेमातला तो माणूस संमोहित झाला हे त्यांना चालेल, पण एकट्या माणसाच्या हातात एवढं सगळं असेल असं त्यांना वाटत नाही. मला वाटतं ही तक्रार बरोबर आहे आणि माझीही थोडी तीच आहे. तीन चोऱ्या मेहनतीच्या आणि चौथी मंत्राची. इतका वेळ कुलूप, दोरी, वजन, मिनिटं असा हिशोब दाखवल्यावर संमोहन म्हणजे लेखकाने स्वतःला दिलेली सूट आहे. कादंबरीत पण हाच उपाय आहे, पण तिथे त्याच्या आधी एक रेल्वे इंजिन घेऊन वेड्यांच्या इस्पितळात घुसायचा अफाट प्रसंग आहे, त्यामुळे संमोहनापर्यंत येईतो आपण काहीही मान्य करायला तयार झालेलो असतो. सिनेमाने तो इंजिनाचा प्रसंग घेतलाच नाही. खर्चाचं कारण असेल, लांबीचं असेल, पण कादंबरी वाचलेल्या माणसाला तो नसल्याचं दुखतंच. मी तर म्हणेन तुरुंगाचा भाग निम्मा केला असता तरी चाललं असतं पण इंजिन पाहिजे होतं.

दुसरी तक्रार म्हणजे बायका. सिनेमात बायकांना जवळजवळ काहीच नाही. डॉर्टमुंडरची बहीण आहे, थोडा वेळ. मर्चची आई आहे, शार्लट रे, आणि ती आली की पडद्यावर जान येते, तिला अजून चारपाच प्रसंग दिले असते तर काय बिघडलं असतं. कादंबरीत ही आई टॅक्सी चालवते आणि मुलाशी रस्त्यांवरून वाद घालते, कुठल्या पुलावरून गेलं तर किती मिनिटं वाचतात यावर, आणि तो भाग मला इतका आवडतो कारण आमच्याकडे पण कुठे जायचं म्हटलं की आधी वीस मिनिटं कुठल्या रस्त्याने यावर चर्चा होते. आणि तिसरी तक्रार अमुसाची. ज्याला सुरुवातीला एवढी प्रतिष्ठा दिली, त्याने शेवटी वकिलाशी हातमिळवणी करून टोळीला बाजूला सारायचं, हे गोष्टीच्या सोयीसाठी केल्यासारखं वाटतं. त्याने सांगितलेला तो हिऱ्याचा हक्क मग हवेतच राहतो. हिरा ज्यांचा, त्यांचं काय, हा प्रश्न सिनेमा विचारून विसरून जातो.

संगीत क्विन्सी जोन्सचं. मला जॅझमधलं फार कळत नाही, पण जेरी मुलिगनचा सॅक्सोफोन आणि क्लार्क टेरीचा ट्रंपेट वाजतो तेव्हा त्या चौघांच्या चालण्याला जो एक झोका येतो तो कळायला जॅझ कळावं लागत नाही. संकलनाला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, आणि ते का मिळालं ते म्युझियमच्या आतबाहेर जे जाणं-येणं चाललंय त्यातच दिसतं. सिनेमा त्यावेळी चालला नाही. नंतर वेस्टलेकच्या डॉर्टमुंडर कादंबऱ्यांवर अजून सिनेमे झाले, दरवेळी वेगळा नट, पण एवढा जमलेला मला त्यातला एकही वाटला नाही.

आणि शेवट. हा शेवट लिहून सांगता येईल का मला माहीत नाही पण प्रयत्न करते. डॉर्टमुंडर हिरा खिशात घेऊन लॉकरच्या खोलीतून बाहेर येतो. पायऱ्या चढतो. बँकेच्या हॉलमधून जातो. घाई करून चालणार नाही, कारण घाई दिसली की संशय. बाहेर पार्क अ‍ॅव्हेन्यू, दुपारचं ऊन, ऑफिसची माणसं. समोरून अमुसा आणि वकील गाडीतून बँकेकडेच येतायत. तो चालतोय. पहिली काही पावलं अजून चोराची आहेत, खांदे आखडलेले, मान सरळ. मग कुठेतरी संगीत सुरू होतं आणि त्याची चाल बदलायला लागते. नेमकं कुठल्या पावलाला बदलते ते मी तीन वेळा मागे नेऊन शोधलं, सापडलं नाही. हात सुटतात. पावलं लांब होतात. आणि मग तो हसतो. इतका वेळ शून्यावर ठेवलेला तो रेडफर्ड एकदम सगळा उजळतो, आणि तेव्हा मला कळतं की याला का घेतलं होतं. खांदे पडलेल्या दुसऱ्या कुणी हे काम कदाचित जास्त चांगलं केलं असतं, पण ही शेवटची चाल नाही. तीन वेळा हरलेला माणूस चौथ्यांदा हरला नाही हे त्याला स्वतःला हळूहळू समजतंय, एकेका पावलाला थोडं थोडं, आणि ते एक शब्द न बोलता. माझ्या डोळ्यात पाणी आलं. चोरीच्या विनोदी सिनेमाला.

सिनेमा साधारण पावणेदोन तासांचा आहे. पहिली पंधरा मिनिटं थोडी संथ वाटतील, गाड्या, कपडे, बोलण्याची पद्धत सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं, तिथे सोडून देऊ नका. सबटायटल लावा कारण सेगल आणि लीबमन फार भरभर बोलतात. घरातल्या मोठ्या माणसांबरोबर बघा, फारशी शिवीगाळ किंवा रक्तबिक्त नाहीये. आणि जमलं तर कादंबरी पण वाचा, पण सिनेमानंतर, कारण आधी वाचली तर रेडफर्डशी तुमचं पटायला वेळ लागेल.

नावं यायला लागली तशी मी वायर काढायला उठले. बाबांचा एक हात शर्टाच्या खिशावर होता, दुसऱ्या हाताने त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, “परत लाव ना. तो जिना चढून वर येतो, तिथपासून.”